वैजूचा चुडा

वैजूच्या हातावर तिसरी बांगडी वाढली, तशी सोप्यातली बडबड एकदम थांबली. आम्ही कासार बांगडी फुटली असं म्हणत नाही, वाढली म्हणतो. आणि नवरीच्या हातावर वाढली तर तेही म्हणत नाही. मी हिरव्या काचेचे तुकडे चटकन गोळा करून पदराखाली सारले आणि काही झालंच नाही अशा थाटात पेटीतून पुढची बांगडी काढली. पण माझ्या थाटाकडे बघतंय कोण? सोपाभर बसलेल्या बायका टक लावून वैजूच्या मुठीकडे बघत होत्या.

मूठ गच्च आवळलेली होती. अंगठा आत, त्याच्यावर चार बोटं, आणि सांधे पांढरेफटक पडलेले. आत्ता थोड्या वेळापूर्वी हाच हात माझ्या मांडीवर कणकेच्या गोळ्यासारखा मऊ पडला होता.

"अगं, हात सैल सोड की," मी म्हटलं. मूठ आणखी आवळली.

"मी नाही आवळत, मामी," वैजू हळूच म्हणाली. "तो आपोआप आवळतोय."

तिच्या आवाजात भीती होतीच, पण भीतीपेक्षा नवल जास्त होतं. स्वतःच्या हाताकडे ती परक्याच्या हाताकडे बघावं तशी बघत होती. ढोंग करणाऱ्या पोरी मी पुष्कळ पाहिल्या होत्या. त्या आधी आजूबाजूला बघतात, मग हाताकडे. हिचं लक्ष दुसरीकडे कुठेच नव्हतं. तिथंच माझं कुतूहल जागं झालं, आणि ते एकदा जागं झालं की मला भूक लागत नाही की तहान.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. तेव्हा मी पस्तिशीच्या आसपास होते. कोरेगावच्या पेठेत आमचं बांगड्यांचं दुकान, आणि लग्नसराईत पेटी घेऊन आसपासच्या गावांना जायचं. माहेर कासाराचं, सासर कासाराचं, त्यामुळे जन्म सगळा बायकांचे हात हातात घेण्यात गेला. लहानथोर मला मामी म्हणायचे. हातावरून माणूस ओळखायची मला खोडच होती. कोणाची जाऊबाईशी धुसफूस चाललीय, कोणी रात्रभर जागलंय, कोणाला दिवस गेलेत आणि अजून घरात सांगितलेलं नाही, हे मला तोंडाआधी हात सांगायचा. आमचे मालक म्हणायचे, हिला बांगड्या विकायच्या नसतात, चौकश्या करायच्या असतात. ते काही अगदीच खोटं नव्हतं.

बांगडी जोर लावून जात नाही, हे आमच्या कामातलं पहिलं ज्ञान. अंगठ्याच्या बुडाशी जे हाड असतं ते आत दबावं लागतं, आणि बाईनं हात ढिला टाकल्याशिवाय ते दबत नाही. म्हणून हात हातात घेतला की कासाराच्या तोंडी एकच बोलणं असतं: हात सैल सोड, बाई, हात सैल सोड. आपण ते म्हणतोय हेही आम्हांला कळत नाही, इतकं ते जिभेवर बसलेलं असतं.

तर त्या दिवशी वैजूच्या लग्नाचा आदला दिवस होता. दुपार कलली की नवऱ्यामुलाकडच्या बायका उष्टी हळद घेऊन यायच्या होत्या, आणि त्या भागात हळदीआधी नवरीचे हात हिरवे झालेच पाहिजेत, असा रिवाज. नवऱ्यामुलाची आई शकुन-अपशकुन फार बघणारी. साखरपुड्याला निघताना कुणीतरी शिंकलं म्हणून गाडी माघारी नेली होती तिनं. नवरीच्या हातावर बांगड्या वाढतायत, चुडा भरेना, हे तिच्या कानी गेलं असतं तर लग्न राहिलं असतं की नाही कोण जाणे. आणि कानी जायला वेळ लागणार नव्हता, कारण सोप्यात बसलेल्या बायकांत बनाबाई होती. तिचं माहेर नेमकं नवऱ्यामुलाच्या गावचं, आणि तिच्या पोटात पाणीसुद्धा ठरत नसे.

लग्नाचा सगळा कारभार सुंदराक्काच्या हाती होता. सुंदराक्का म्हणजे वैजूची सख्खी आत्या. वैजूचे वडील वसंतराव पोरगी लहान असतानाच गेले, ट्रॅक्टर उलटून. तेव्हापासून भावाच्या घराकडे बघणारी हीच. स्थळ तिनं आणलं, याद्या तिनं ठरवल्या, मांडवाला बांबूसुद्धा तिच्या पसंतीचे. मोठी खमकी बाई. वैजूची आई अनुसया मागच्या पडवीत चुलीपाशी होती. चुडा भरताना विधवेनं समोर यायचं नाही, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. सांगावं लागतच नसे, बायका आपसूक मागे जात.

सुंदराक्कानं सगळ्या बायकांना चहाला म्हणून आत पिटाळलं आणि मला दाराशी ओढलं.

"मामी, खरं सांगा. पोरीच्या मनात दुसरं काय हाय का?"

मी म्हटलं, मला कसं माहीत असणार.

"तुमाला हाताचं कळतं म्हंत्यात. इचारा तिला. तुमाला सांगंल, मला न्हाई सांगायची." आणि जाता जाता थांबून म्हणाली, "दुसरं कोण असंल तर आत्ताच सांग म्हणावं. उद्या मांडवात नको."

तिचा आवाज किंचित कापला. या बाईचा आवाज कापलेला मी कधी ऐकला नव्हता, आणि मला तिची कीव आली.

मी परत वैजूसमोर बसले. सोप्यात आता आम्ही दोघीच. मूठ सुटली होती, हात पुन्हा मऊ पडला होता. मी आडवळणानं विचारायला गेले, तर पोरगी हसली. बारावी झालेली, हुशार. तिला माझं आडवळण लगेच कळलं.

"आत्याला वाटतंय माझं दुसरीकडे जमलंय. नाही हो मामी."

मग आपणहून बोलायला लागली. नवरामुलगा शशिकांत, साखर कारखान्यात फिटर. बघायला आला तेव्हा घाबरून त्यानं पोह्यांची बशी स्वतःच्याच मांडीवर सांडली. बाकीचे हसले, तर यानं विजारीवरचे पोहे एकेक करून उचलले आणि खाऊन टाकले. "तेव्हाच मी ठरवलं," वैजू म्हणाली, आणि कानापर्यंत लाल झाली. अशी लाली कुणाला ठरवून आणता येत नाही. मन दुसरीकडे नव्हतं, एवढं माझ्यापुरतं नक्की झालं.

मग हात असा का वागतोय?

मला खरं तर पुढच्या गावी जायचं होतं. पण आता ब्रह्मदेव आला असता तरी मी उठले नसते. मी तिला म्हटलं, आपण जरा गंमत करून बघू, तू फक्त हात माझ्याकडे दे. आधी नुसती बांगडी मनगटाला टेकवली. काही नाही. तिच्या कानाशी दोन बांगड्या एकमेकींवर वाजवल्या. काही नाही. बोटांवरून बांगडी सरकवली, सांध्यापर्यंत आणली. हात मऊच. मनात म्हटलं, चला, लग्नघरातल्या गर्दीनं बिचकली असेल पोर. अंगठा दाबला आणि सवयीनं म्हणाले, "हात सैल सोड."

मूठ अशी मिटली की बांगडी निसटून दूर घरंगळत गेली.

आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. मी बांगडी उचलून आणली, पेटीत ठेवली, पेटी बंद केली. मग रिकाम्या हातानं तिचा हात धरला. इकडच्या तिकडच्या गप्पा काढल्या. तिला कोणती भाजी येते, कोणती येत नाही. मध्येच, गवारीच्या भाजीवरून बोलता बोलता, म्हणाले, "हात सैल सोड."

आवळला. बांगडी नव्हती, काच नव्हती, मी दाबलंही नव्हतं. दुसऱ्या हाताचं करून बघितलं. तोही आवळला. म्हणजे काचेचा संबंधच नव्हता, संबंध होता माझ्या बोलण्याचा. इतका वेळ मी तिला मदत म्हणून जे सांगत होते, तेच तिची मूठ वळत होतं. आणि मूठ वळली की मी ते आणखी जोरात सांगत होते. मला हसू आलं आणि अंगावर काटाही आला.

"आता काय होतंय तुला?" मी विचारलं.

तिनं डोळे मिटून बघितलं. श्वास अडकतो, म्हणाली. आणि मग जरा लाजून, "मामी, सारवणाचा वास येतोय."

मी खाली बघितलं. घरभर शहाबादी फरशी. मागची पडवीसुद्धा सिमेंटची.

"शेणानं सारवलेलं. ओलं," ती म्हणाली. "मला मळमळतंय."

यापूर्वी कधी काचेच्या बांगड्या भरल्या होत्यास का, असं विचारलं, तर नाही म्हणाली. जत्रेतल्या पितळी घालायची, शाळेत प्लास्टिकच्या. आत्या दर संक्रांतीला मागे लागायची, पण हिला कासारापुढे बसायलाच नको वाटायचं. का नको वाटायचं, तेही सांगता येईना. आई घालत नाही म्हणून मलाही हौस नाही, असं ती सगळ्यांना सांगायची आणि सगळ्यांना ते पटायचं.

मी तिला पाणी दिलं, पडून राहा म्हटलं आणि सुंदराक्काला शोधत निघाले. ती कोठीच्या खोलीत नारळ मोजून पोत्यात टाकत होती. मी सरळच विचारलं. या पोरीला लहानपणी कोणी 'हात सैल सोड' असं म्हणालं होतं का? सारवलेल्या जमिनीवर?

सुंदराक्काच्या हातातला नारळ हातातच राहिला. मग ती पोत्यावर बसली.

"त्या दिशी सकाळीच अनुसयानं माजघर सारवलं हुतं," ती म्हणाली. "आमचं घर तवा मातीचं. पाडवा जवळ आल्याला. ओलंच हुतं अजून, आन वसंताला गाडीत घालून आणलं."

ती सांगत गेली. अंगणात तिचा भाऊ, आणि माजघरात बायका अनुसयेला घेऊन बसलेल्या. कपाळ पुसून झालं. मग बांगड्या. पण पोरीनं आईचं मनगट दोन्ही हातांनी धरून ठेवलेलं, बांगड्यांच्या वरनंच. पाच वर्षांची पोर. तिला काय कळलं होतं देव जाणे. ओढली, दटावली, खाऊ देतो म्हणाले. सोडेना.

"थोरली चुलती म्हणाली, सुंदरे, पोरगी बाजूला घे. मग मी बसले खाली. एकेक बोट उचाललं तिचं. म्हणत हुते, हात सैल सोड बाळा, आईला काय बी होत न्हाई. सैल सोड." सुंदराक्का नारळाच्या शेंडीकडे बघत होती. "सोडला तिनं. माझ्यावर इस्वास ठिवून सोडला."

"आणि मग?"

"मग काय. पाटा हुताच तिथं, बांगड्या फोडायला. तिच्या म्होरंच झालं सगळं."

बाहेर कुणीतरी हसलं, कपबश्या वाजल्या. सुंदराक्का म्हणाली, त्यानंतर पोरीनं एकदाही विचारलं नाही. रडली नाही. चार दिवसांनी खेळायला लागली. आम्हांला वाटलं, बारकी आहे, विसरली.

"विसरलीच आहे, आक्का," मी म्हटलं. "तिला आठवत नाही. तिच्या हाताला आठवतंय."

हे मी कुठून बोलले, मला सांगता येणार नाही. मी काही शिकलेली नव्हते. पण हात माझ्या ओळखीचे होते, आणि त्या मुठीला मी गेला तासभर भेटत होते. ती मूठ बांगडीला नाही म्हणत नव्हती. तिला काहीतरी धरून ठेवायचं होतं, आणि प्रत्येक वेळी कुणीतरी येऊन तिला सोड म्हणत होतं.

माझ्या मनात जे आलं ते मी सांगितलं. अनुसयेला पुढे आणायचं. पोरीच्या शेजारी बसवायचं. आणि पोरीला तिचा हात धरू द्यायचा, हवा तेवढा घट्ट.

सुंदराक्का एकदम ताठ झाली. विधवा बाई चुड्याला? बनाबाई बसलीय तिथं. विहिणीला कळलं तर दारातून माघारी जाईल. मी म्हटलं, चुडा नाही भरला तरी माघारीच जाईल. सुंदराक्का उठली, हातातला नारळ पोत्यात टाकला, पदर खोचला आणि मागच्या पडवीकडे चालू लागली.

अनुसया परातीत पीठ मळत होती. बोलावणं ऐकून आधी तिला कळेचना. कळल्यावर तिनं पिठाचे हात मागे घेतले.

"वन्सं, मी न्हाई यायची. पोरीच्या चुड्याला माझी सावली नको."

"सावलीचं मागनं बघू," सुंदराक्का म्हणाली. "पोरीला तू पायजेस."

अनुसया नाही म्हणत राहिली. नणंदेपुढे तोंड वर करून कधी बोलली नव्हती, पण त्या दिवशी चुलीपाशी पाय रोवून उभी राहिली. तिला खरंच भीती वाटत होती की आपल्या येण्यानं लेकीचं काहीतरी वाईट होईल. शेवटी सुंदराक्कानं घागरीतलं पाणी घेऊन स्वतः तिचे हात धुतले, मनगटाला धरलं आणि सगळ्या बायकांच्या मधून तिला सोप्यात आणलं. बनाबाईच्या हातातला कप ओठाशीच राहिला. सुंदराक्काचा चेहरा बघितल्यावर बोलायची कुणाची छाती होणार? बायका गुपचूप मागोमाग सोप्यात येऊन बसल्या.

वैजूनं आईला बघितलं आणि गोंधळून माझ्याकडे पाहिलं. मी अनुसयेला तिच्या डाव्या अंगाला, अगदी मांडीला मांडी लावून बसवलं.

"वैजू, आईचं मनगट धर," मी म्हटलं. "डाव्या हातानं. घट्ट."

तिनं धरलं.

"आणखी घट्ट. तुझी सगळी ताकद लाव. कोणी काही म्हणालं तरी सोडायचं नाही. मी म्हटलं तरी नाही."

तिनं आणखी आवळलं. अनुसयेनं ओठ दाबला, पण हात काढून घेतला नाही. मी वैजूच्या उजव्या हाताला बोटसुद्धा लावलं नाही, तो तिच्या मांडीवर मूठ होऊन पडला होता. मग तिच्या खांद्यात बारीक थरथर सुरू झाली. ती दंडात उतरली, पाठीत गेली, आणि बघता बघता पोरगी थंडी भरल्यासारखी कापायला लागली. दातावर दात वाजू लागले. कपाळावर घाम.

"आंगात आलं," मागून बनाबाई म्हणाली. "हळद-कुक्कू आणा."

"अंगात काही आलेलं नाही. बसा खाली," मी म्हटलं. मी हे ठामपणे म्हटलं खरं. पण दुसऱ्याच्या घरात, लग्नाच्या आदल्या दिवशी, आपण हे काय आरंभलं, असं मला वाटून गेलं.

"आई," वैजू म्हणाली. आवाज तिचा नव्हताच, एका लहान पोरीचा होता. "आई, मी सोडला. मी हात सोडला."

अनुसया तिच्याकडे बघत राहिली. कशाबद्दल बोलतेय ते तिला उमगायला वेळ लागला, आणि उमगलं तेव्हा तिचा चेहरा मला बघवेना.

"तू न्हाई सोडलास, बाळा," ती म्हणाली. "तुजी बोटं सोडवली हुती."

"मी सोडला. म्हणून त्यांनी..."

"मी सोडवली." सुंदराक्का उंबऱ्याशी उभी होती. सगळ्या सोप्याला ऐकू जाईल अशा आवाजात बोलली. "तू काय बी सोडलं न्हाईस. ह्या माझ्या हातांनी मी तुजी बोटं सोडवली."

वैजूनं मान वर करून आत्याकडे बघितलं. कापणं चालूच होतं.

"तुम्ही म्हणाला होता, आईला काही होत नाही."

"म्हणाले हुते," सुंदराक्का म्हणाली. "खोटं बोलले मी, वैजे."

मग पोरगी रडली. मोठ्या बायका पदरात तोंड घालून रडतात तशी नाही; तोंड उघडं टाकून, नाक वाहत, लहान मूल रडतं तशी. आई तिला शांत हो म्हणाली नाही. कोणीच म्हणालं नाही. एवढ्या बायका, पण त्या दिवशी सगळ्यांना कशी अक्कल सुचली कोण जाणे. दोघीतिघी स्वतःच डोळे पुसत होत्या. बनाबाईसुद्धा.

रडता रडता तिची उजवी मूठ उघडली. तिला कळलंही नाही. आधी अंगठा बाहेर आला, मग एकेक बोट, आणि हात मांडीवर उताणा पडला. मी तो अलगद उचलला. तोंडातून एक अक्षर काढलं नाही, आणि आमच्या धंद्यात तोंड बंद ठेवणं किती अवघड आहे हे मला त्या दिवशी कळलं. बांगडी लावली. हाड आपसूक दबलं, आणि ती अशी गेली की मलाच खरं वाटेना. दुसरी गेली. तिसरी गेली. उजवा हात भरला, मनगटापासून वर हिरवागार.

आता डावा हात राहिला होता, आणि डाव्या हातात आई होती. मी थांबले. सोड म्हणायची माझी टाप नव्हती. वैजूनंच नाक पुसलं, भरलेला उजवा हात किणकिणत आईच्या मनगटाकडे नेला, त्या हातानं पकड घेतली आणि मग डावा हात मोकळा करून माझ्यापुढे धरला. मधे एक क्षणही तिनं आईला मोकळं ठेवलं नाही. डाव्या हातावर बांगड्या भरताना तर ती माझ्याशी गवारीच्या भाजीबद्दल बोलत होती.

उन्हं कलल्यावर विहीणबाई हळद घेऊन आल्या. चुडा बघितला, छान बसलाय म्हणाल्या. अनुसया सोप्यातच होती. विहीणबाईंनी तिच्याकडे एकदा बघितलं, सुंदराक्काकडे एकदा बघितलं, आणि हळदीचं ताट खाली ठेवलं. बनाबाईनं काय सांगितलं, काय नाही, ते मला कधी कळलं नाही. पण लग्न मोडलं नाही एवढं खरं.

मी त्या दिवसापासून ते बोलणं टाकलं. मालक हसायचे, म्हणायचे, कासारीण असून मुकी कशी झालीस. एखादीचा हात फारच आवळला तर मी तिला सांगते, दुसऱ्या हातानं माझा खांदा धर, हवा तेवढा जोरात धर. बहुतेकींचा हात मऊ पडतो. काहींचे डोळे भरून येतात, आणि त्या मग म्हणतात, आज कसं कोण जाणे, उगाच रडू आलं. मी कुणाला विचारत नाही. विचारायची इच्छा मात्र अजून तेवढीच होते.

पण त्या दिवशीचं राहिलंच. सगळं उरकल्यावर मी पेटी बांधत होते, तेव्हा अनुसया माझ्याजवळ येऊन बसली. तिच्या मनगटावर लेकीच्या बोटांचे लाल वळ उठले होते, बरोबर बांगडी बसते त्या जागी. मला वाटलं, पदर ओढून झाकील. तिनं झाकले नाहीत.

"मामी, हे वळ कवापतुर ऱ्हातील?"

दुखतायत का, मी विचारलं. तेल चोळून देऊ का?

"दुखत न्हाईत." तिनं मनगट उजेडात धरून फिरवून बघितलं. "उद्या लगीन लागंपतुर ऱ्हायले असते, तर बरं झालं असतं."

मी म्हटलं, बाई, ते दिवेलागणीपर्यंतच जातील. वैजू पलीकडे हळदीचं अंग घेऊन बसली होती. तिला ऐकू गेलं असेल असं आम्हांला वाटलं नव्हतं.

"उद्या परत धरते की, आई," ती म्हणाली. "मांडवात. सगळ्यांच्या देखत."